वजन, कागद आणि झोपेची गोळी

परवा एका वाचकाचा मेसेज आला. "भाऊ, आईच्या झोपेच्या गोळ्या मुंबईहून सहा महिन्यांच्या एकदम आणल्या तर पोलीस पकडतात काय?"

मी पटकन टाइप केलं, 'नाही हो, डॉक्टरची चिठ्ठी असली म्हणजे झालं.' पाठवायच्या आधी थांबलो. उत्तर इतकं सोपं नाही, हे मला वीस वर्षांपूर्वी एका बातमीने शिकवलं होतं, आणि शिकलो तेव्हा उशीर झाला होता. ती गोष्ट पुढे येईल. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजचा कायदा समजत नाही. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. आपल्याकडे घरटी एक माणूस मुंबईत आणि प्रत्येक घरात एक म्हातारं माणूस आहे, म्हणून म्हणतो.

झोपेचं औषध आणि कोकणी माणूस यांचं नातं गोळीच्या पट्टीपेक्षा जुनं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दहा-बारा जण. बाई गिरणीत गेली की तान्हं मूल कोणी सांभाळायचं? मग मुलाला 'बाळागोळी' द्यायची. तिच्यात अफू असायची. गोळी दिली की मूल निपचित झोपायचं आणि आई पाळी भरून यायची. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टर बाई नेमल्या होत्या. गिरणीत काम करणाऱ्या बहुतेक बायका तान्ह्या मुलांना अफू देतात, असं त्यांनी नोंदवलं. त्या आया काही गुन्हेगार नव्हत्या. त्यांना कोणी पकडलंही नाही. अफू सरकारमान्य दुकानात मिळायची आणि सरकारच्या तिजोरीत त्याचा पैसा जायचा.

तेव्हा कायदा होता तो १८७८चा अफू कायदा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अफू विनापरवाना बाळगली तर शिक्षा किती? जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारला काळजी माणसाच्या व्यसनापेक्षा बुडणाऱ्या महसुलाची होती, हे उघड आहे.

१९३० साली 'डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट' आला. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला होता, त्यावर सही केल्यामुळे हा कायदा करावा लागला. शिक्षा आधी दोन वर्षांपर्यंत, पुढे ती तीन वर्षांपर्यंत गेली. दुसऱ्यांदा सापडला तर चार वर्षं. पण हा कायदा अफू, कोका, गांजा-चरस आणि त्यापासून बनणाऱ्या पदार्थांपुरता होता. झोपेच्या गोळ्या त्यात नव्हत्याच.

आणि गोळ्यांचं जग तर तोवर फोफावलं होतं. क्लोरल हायड्रेट १८६९पासून झोपेसाठी वापरात आलं. १९०३ साली बार्बिटल आलं, १९१२ साली फिनोबार्बिटल. जुन्या लोकांना 'गार्डिनल' हे नाव आठवत असेल, फिट येणाऱ्या माणसाच्या घरात ते असायचंच. १९६३ साली डायझेपाम बाजारात आलं. १९६९ साली रॅनबॅक्सी कंपनीने तेच औषध भारतात 'काम्पोज' या नावाने आणलं आणि ते इतकं खपलं की काम्पोज हा शब्दच झोपेच्या गोळीला पर्याय झाला. माझ्या लहानपणी गावात कोणाचं वारलं आणि घरची बाई रडून रडून बेशुद्ध व्हायला लागली की कोणीतरी म्हणायचं, "तिला एक काम्पोज द्या." ती गोळी कुठून यायची, तर शेजारच्या घरातून. चिठ्ठी-बिठ्ठी कोण विचारतो.

या गोळ्यांवर लक्ष ठेवायला १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा होता आणि १९४५चे नियम होते. पण त्या कायद्याची नजर दुकानदारावर. परवाना आहे का, चिठ्ठीशिवाय विकलं का, बिलं ठेवली का. गोळी विकत घेऊन खिशात ठेवणारा माणूस त्याच्या रडारवर फारसा नव्हता.

मग हे बदललं कशाने? गंमत म्हणजे, एका भारतीय शोधाने.

१९५१ साली इंद्रकिशोर काकर आणि सय्यद हुसेन झहीर या दोन भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी मेथाक्वालोन नावाचं संयुग तयार केलं. ते झोप आणतं हे पुढे इथल्याच संशोधकांच्या लक्षात आलं. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेत 'क्वालूड' आणि ब्रिटनमध्ये 'मँड्रॅक्स' म्हणून विकलं जाऊ लागलं. झोपेसाठी आलेली गोळी काही वर्षांत नशेची गोळी झाली. दक्षिण आफ्रिकेत ती कुटून, गांज्यात मिसळून ओढायची पद्धत पडली. तिकडे माल पोचवणाऱ्यांत भारत पुढे आणि भारतात मुंबई हे मोठं ठिकाण. हा धंदा अजून संपलेला नाही. २०१६ साली महसूल गुप्तचर संचालनालयाने राजस्थानात उदयपूरला छापा घातला तेव्हा सुमारे २३ टन मँड्रॅक्स सापडली. किलो नव्हे, टन.

१९७१ साली व्हिएन्नात मनावर परिणाम करणाऱ्या औषधांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९७५ साली सामील झाला. सामील झालो, पण देशात त्यासाठीचा कायदा व्हायला आणखी दहा वर्षं गेली. शेवटी १९८५ साली एनडीपीएस कायदा झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ला लागू झाला. अफू, गांजा, हेरॉइन यांच्या जोडीला डायझेपाम, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशी नेहमीची झोपेची आणि चिंतेची औषधंही त्याच्या यादीत बसली.

आणि शिक्षा? कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. दंड एक ते दोन लाख. काल जास्तीत जास्त तीन वर्षं होती, आज कमीत कमी दहा. अगदी थोडा माल असेल आणि तो स्वतःच्या सेवनासाठीच होता हे आरोपीने सिद्ध केलं तर सूट होती. नाही सिद्ध करता आलं, तर टनाने माल नेणारा आणि मूठभर गोळ्यांसह सापडलेला, दोघे एकाच कलमात.

हे बरोबर नाही हे सरकारच्या लक्षात यायला सोळा वर्षं लागली. २००१च्या दुरुस्तीने वजनाप्रमाणे तीन पायऱ्या केल्या. झोपेच्या गोळ्यांना लागतं ते कलम २२. आज त्याची स्थिती अशी आहे:

अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (२०१४पर्यंत हे सहा महिने होतं.)
मधलं प्रमाण: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.
व्यापारी प्रमाण: दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख दंड. इथे जामीनही महाकठीण.

कोणत्या औषधाचं किती वजन म्हणजे कुठली पायरी, हे १९ ऑक्टोबर २००१च्या अधिसूचनेत आहे. अल्प्राझोलामचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम, व्यापारी १०० ग्रॅम. डायझेपाम आणि नायट्राझेपामचं २० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम.

आता ती गोष्ट.

२००५ सालची. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका पेपरात लागलो होतो. महामार्गावर रात्रीच्या तपासणीत संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावचा पोरगा सापडला. वय तेवीस-चोवीस, मुंबईत हॉटेलात कामाला. पिशवीत अल्प्राझोलामच्या तेरा पट्ट्या. चिठ्ठी नाही, बिल नाही. मला संध्याकाळी माहिती मिळाली, मी नावगावासकट बातमी केली. मथळा मीच दिला होता: 'नशेच्या गोळ्यांसह तरुण जेरबंद'. दुसऱ्या दिवशी संपादकांनी पाठ थोपटली.

पोरगा म्हणत होता की गोळ्या वडिलांसाठी आहेत आणि वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी सांगितल्या म्हणून त्यांच्यासाठी. मुंबईतल्या एका दुकानातून ओळखीवर घेतल्या. मी ते बातमीत घातलं नाही. 'सगळे असंच म्हणतात' असं मला वाटलं. वाडीत जाऊन त्या दोन म्हाताऱ्यांना विचारायला एसटीचे पंधरा रुपये लागले असते.

तीन महिने तो आत होता. मग जामीन. खटला चार वर्षं चालला, मग तो निर्दोष सुटला. मुंबईची नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं. सुटल्यावर त्याची आई ऑफिसात आली होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, पकडलानी तेव्हा छापलात. सुटला त्याचा पण छापा ना."

मी 'बघतो' म्हणालो. तोवर मी दुसऱ्या कुठल्या तरी बातमीच्या मागे होतो. ती बातमी मी दिली नाही. आजतागायत नाही.

तो सुटला कसा, हे मी नंतर त्याच्या वकिलांना भेटून समजून घेतलं. तिथून मला या कायद्याचा नाद लागला. जरा गणित करू, सोपं आहे.

समजा अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी. त्यात औषध अर्धा मिलिग्रॅमच. बाकी सगळी भुकटी, म्हणजे स्टार्चसारखे पदार्थ, गोळीला आकार यावा म्हणून. अख्ख्या गोळीचं वजन १०० मिलिग्रॅम धरू. तेरा पट्ट्या म्हणजे १३० गोळ्या. आता वजन कशाचं करायचं?

फक्त औषधाचं केलं तर ६५ मिलिग्रॅम. अल्प प्रमाणाच्या मर्यादेच्या सत्याहत्तराव्या हिश्शाच्या जवळपास. शिक्षा तेव्हाच्या हिशोबाने फार तर सहा महिने.
अख्ख्या गोळ्यांचं केलं तर १३ ग्रॅम. म्हणजे मधलं प्रमाण. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

गोळ्या त्याच, माणूस तोच. फक्त काट्यावर काय ठेवायचं याचा प्रश्न.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, शुद्ध औषधाचंच वजन धरा. त्याच्या दोन वर्षं आधी, २००६ साली, उत्तराखंडातल्या एका प्रकरणात न्यायालयाने असंही म्हटलं होतं की जी औषधं उपचारासाठी वापरली जातात आणि एनडीपीएस नियमांच्या पहिल्या परिशिष्टात नाहीत, त्यांना या कायद्याची बंदी तशी लागत नाही. आमच्या त्या पोराच्या वकिलांनी हे दोन्ही निकाल कोर्टापुढे ठेवले. तो सुटला.

पण काटा पुन्हा फिरला. १८ नोव्हेंबर २००९ला केंद्राने अधिसूचना काढली: वजन अख्ख्या मिश्रणाचं धरायचं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २००६चा निकाल चुकीचा ठरवला. आणि २२ एप्रिल २०२०ला, लॉकडाऊनमध्ये आपण सगळे घरात बसलो होतो तेव्हा, हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी २००८चाही निकाल मोडीत काढला. भुकटीसकट सगळं वजन मोजायचं, हा आजचा कायदा.

न्यायालयाचं म्हणणं पोकळ नाही, हेही सांगायला हवं. रस्त्यावर शुद्ध माल कोणी विकत नाही. मिसळलेलाच विकतात, आणि तोच लोकांचा जीव घेतो. शुद्ध औषधच मोजलं तर गोळ्या विकणारा कधीच मोठ्या कलमात सापडणार नाही. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्यांत १०० ग्रॅम शुद्ध अल्प्राझोलाम भरायचं तर दोन लाख गोळ्या लागतील. मालेगावात ज्याला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती हीच अल्प्राझोलाम. संभाजीनगरकडे 'बटण' म्हणून ज्या विकतात त्यांत नायट्राझेपाम असते. शाळा सुटलेली पोरं ती खाऊन चाकू काढतात, हे तिकडचे पत्रकार मित्र सांगतात. पोलिसांची काळजी खरी आहे.

पण दुसरी बाजूही बघा. अख्खं वजन धरलं तर १०० मिलिग्रॅमच्या हिशोबाने ५० गोळ्यांना अल्प प्रमाणाची रेघ येते, आणि हजार गोळ्यांना, म्हणजे शंभर पट्ट्यांना, व्यापारी प्रमाणाची. शंभर पट्ट्या एका पिशवीत मावतात. आणि तेवीस वर्षांच्या त्या पोराचा खटला आज उभा राहिला असता, तर ज्या दोन निकालांवर तो सुटला ते दोन्ही आज हाताशी नाहीत.

मग सामान्य माणसाला वाचवतं काय? कागद.

एनडीपीएस नियमांतला ६६वा नियम प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा असा आहे. स्वतःच्या उपचारासाठी माणूस अशा औषधाच्या एका वेळी १०० मात्रा जवळ बाळगू शकतो. दीर्घ उपचार चालू असेल आणि नोंदणीकृत डॉक्टरने तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ३००पर्यंत. म्हणजे बघा: १०० गोळ्यांचं वजन आपल्या हिशोबाने १० ग्रॅम, अल्प प्रमाणाच्या दुप्पट. चिठ्ठी असेल तर ते आईचं औषध. चिठ्ठी नसेल तर त्याच दहा पट्ट्या दहा वर्षांपर्यंतच्या कलमात. या कायद्यात 'मला माहीत नव्हतं' हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं, तेही शंकेला जागा न ठेवता.

'थोड्याच आहेत, जामीन होईल लगेच' असंही समजू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२०ला एका गाजलेल्या प्रकरणात सांगितलं आहे की या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत. थोड्या मालात जामीन मिळतो, पण तो कोर्टातून, पोलीस ठाण्यातून नाही.

औषध दुकानदार मित्रांनाही एक सांगणं. मार्च २०१४पासून ही औषधं 'एच-वन' परिशिष्टात आहेत. वेगळी वही, त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या, आणि ती वही तीन वर्षं जपायची. गिऱ्हाईक 'अहो, आपल्या घरचंच समजा' म्हणतं, तेव्हा नाही म्हणणं जड जातं, मला कळतं. पण उद्या परवाना तुमचा जाईल आणि गिऱ्हाइकाच्या हातात बिल नसेल. त्या पोराला मुंबईतल्या त्या दुकानदाराने साधं बिल दिलं असतं, तर निदान दुकानापर्यंत चौकशी तरी गेली असती.

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसलो त्यांना, मुद्द्याचं:

१. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्याच्याच गोळ्या आणा. वाडीतल्या काकांसाठी, शेजारच्या आजीसाठी 'जाता जाता' आणू नका. मन मोडतं, मोडू दे.
२. चिठ्ठी ताजी हवी. त्यावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती दिवस हे स्पष्ट असू दे. बिल तिच्यासोबतच ठेवा.
३. गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या. सुट्या करून डबीत, पुडीत भरून प्रवास करू नका.
४. १०० मात्रांवर जाऊ नका. जायचंच असेल तर डॉक्टरकडून तसं लिहून घ्या.
५. आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांनी जास्त जपावं. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं न्यायची तर तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते. इथली चिठ्ठी तिथे एकटी पुरत नाही. घरच्यांनी प्रेमाने बॅगेत टाकलेली पट्टी तिकडच्या विमानतळावर महागात पडू शकते.
६. आणि घरात कोणाला गोळीशिवाय झोपच येत नसेल, गोळ्या वाढत चालल्या असतील, तर ती एकदम बंद करू नका. अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टरकडे जा, हळूहळू कमी करतात. आपल्या रत्नागिरीत सरकारी मनोरुग्णालय आहे. 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून नाक मुरडणं आता पुरे झालं. १४४१६ या टेलिमानसच्या आणि १४४४६ या व्यसनमुक्तीच्या नंबरवर फोनही करता येतो. आपणहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला, माल थोडा असेल तर, खटल्यापासून संरक्षण देणारं कलम याच कायद्यात आहे, ६४-अ. ते फार लोकांना माहीत नसतं.

मेसेज टाकणाऱ्या वाचकाला मी शेवटी हे उत्तर पाठवलं: "दादा, सहा महिन्यांच्या म्हणजे १८० गोळ्या. डॉक्टरकडून 'दीर्घ उपचार, १८० गोळ्या' असं लिहून घ्या, बिल घ्या, मग आणा. नाही लिहून दिलं तर तीन महिन्यांच्याच आणा, आणि चिठ्ठी तेव्हाही जवळ ठेवा." त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, "एवढ्याशा गोळीला एवढं?" हो. १८७८ साली जास्तीत जास्त एक वर्ष, आज वीस वर्षांपर्यंत, मधे दीडशे वर्षांचा रस्ता. आपण मात्र अजून 'तिला एक काम्पोज द्या' इथेच आहोत.

राहिली एक बातमी. २००५ साली महामार्गावर अल्प्राझोलामच्या तेरा पट्ट्यांसह पकडलेला, संगमेश्वर तालुक्यातला तो तरुण २००९ साली कोर्टातून निर्दोष सुटला. तो नशेचा व्यापारी नव्हता. त्याचं नाव तेव्हा छापायला नको होतं, म्हणून आज पुन्हा छापत नाही. त्याची आई आता नाही. बातमी द्यायला उशीर झाला, त्याबद्दल त्या माउलीची आणि त्याची माफी मागतो.